पहाटे तीनची गाडी: शिरवळ ते लोहगाव साडेतीन हजार का?

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांची उजळणी होईल. आणि जे कंपनीच्या बसमध्ये बसलेत, हेडफोन घरी विसरलेत आणि शेजारचा घोरतोय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं काढलंय.

गोष्ट सुरू होते रात्री दोन चाळीसला.

ताईची दिल्लीची फ्लाइट सकाळी सहा दहाची होती आणि त्याच दुपारी तिची मुलाखत. आम्ही राहतो शिरवळला. पुण्याचं विमानतळ लोहगावला, म्हणजे आमच्या घरापासून साधारण ६० किलोमीटर. रात्री दहा वाजताच मी एका ॲपवरून गाडी ठरवून ठेवली होती. 'कन्फर्म' असा मेसेजही आला होता. मी शहाण्यासारखा झोपलो. दोन चाळीसला मोबाइल वाजला: तुमची राइड रद्द झाली आहे.

परत टाकली. स्क्रीनवर चक्र फिरतंय, गाडी शोधत आहोत, गाडी शोधत आहोत. ताई बॅग घेऊन ओट्यावर उभी. आई आतून विचारतेय, "आली का रे गाडी?" शेवटी आमच्या स्टँडवरच्या एका ड्रायव्हरला फोन लावला. तो झोपेतूनच म्हणाला, "साडेतीन हजार."

मी म्हटलं, "दादा, जरा कमी करा की."

तो म्हणाला, "दुसरी बघ मग."

दुसरी नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ताई गेली, फ्लाइट मिळाली. पण साडेतीन हजार ही तिची त्या महिन्यातली सगळी शिल्लक होती.

सकाळी मी चिडून स्टेटस टाकलं: शिरवळच्या टॅक्सीवाल्यांची दादागिरी कधी संपणार, इथे स्पर्धा आणा, ॲप आणा. दीडशे जणांनी बघितलं, बऱ्याच जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले. आणि संध्याकाळी मामांचा फोन आला.

आता गंमत अशी, की माझे सख्खे मामा त्याच स्टँडवर गाडी लावतात. त्या रात्री ते कोल्हापूरच्या भाड्यावर होते, नाहीतर तेच आले असते. मला वाटलं आता रागावणार. ते एवढंच म्हणाले, "वही दाखवतो, ये घरी. हिशोब बघ आणि मग काय बोलायचं ते बोल."

ती वही बघितल्यावर मी ते स्टेटस काढलं. पण मामांचं सगळं पटलं, असंही नाही. हा एपिसोड त्या दोन्हींच्या मधला आहे.

साडेतीन हजारांचे तीन तुकडे

आधी एक मोजपट्टी घेऊ. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २०२४ पासून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि बारामती या भागांसाठी एसी टॅक्सीचा दर ठरवून दिला: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये. नीरा नदीचा पूल ओलांडला की आपण सातारा जिल्ह्यात, म्हणजे एमएच-१२ संपून एमएच-११ सुरू. त्यामुळे हा दर शिरवळचा नाही. पण मोजपट्टी म्हणून चालेल.

करा हिशोब. ६० किलोमीटरमधले पहिले दीड गेले, उरले साडेअठ्ठावन्न. गुणिले २५, अधिक ३७. आले साधारण १,५०० रुपये.

मग साडेतीन हजार कुठून आले? मामांच्या वहीत उत्तर होतं. त्यांनी प्रत्येक विमानतळाच्या भाड्यापुढे एक खूण केली होती, जाताना भरलेली गाडी म्हणजे गोल, येताना रिकामी म्हणजे फुली. त्या महिन्यात अकरा भाडी होती. त्यातल्या नऊंच्या पुढे फुली.

म्हणजे बघा, शहरातल्या मीटरच्या दरात एक गृहीत धरलेलं असतं: एक प्रवासी उतरला, की थोड्या वेळात त्याच भागात दुसरा मिळेल. शिरवळचा ड्रायव्हर लोहगावला पोचतो तेव्हा त्याला शिरवळचा प्रवासी पाहिजे असतो. तो कुठे सापडणार? एरोमॉलच्या पार्किंगमध्ये थांबावं तर पार्किंगचे पैसे चढतात. म्हणून तो कात्रजच्या बोगद्यातून, खेड-शिवापूरचा टोल पुन्हा भरून, रिकामी गाडी घेऊन घरी येतो. गॅस जळतो, टायर झिजतो, झोप जाते. ते परतीचे ६० किलोमीटर कुणाच्या तरी खिशातून जाणारच.

म्हणून ताईच्या साडेतीन हजारांचे मी तीन तुकडे केले. पहिले १,५०० तिच्या प्रवासाचे. दुसरे १,५०० परतीच्या रिकाम्या सीटांचे. आणि शेवटचे ५०० तिच्या नाइलाजाचे.

हे तीन तुकडे लक्षात ठेवा. कारण आपण 'स्पर्धा आणा' म्हणतो तेव्हा तिघांपैकी नेमका कोणता तुकडा कमी करायचाय हे कुणीच सांगत नाही. आणि चुकीचा तुकडा कापला गेला, तर काय होतं ते पुढे येईलच.

आमचा स्टँड चालतो कसा

ज्यांनी कधी स्टँडवर वेळ काढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टँडवर नंबर असतो. सकाळी जो आधी आला त्याचा पहिला नंबर. भाडं आलं की पहिल्या नंबरची गाडी निघते आणि परत आल्यावर रांगेच्या शेवटी लागते. दर सगळ्यांनी मिळून ठरवलेला. कुणी कमी दरात गेला, तर बाकीचे त्याचा नंबर बंद करतात.

यात चांगलं काय आहे? भांडणं कमी होतात. म्हाताऱ्या ड्रायव्हरलाही दिवसाला एक तरी भाडं मिळतं. रात्री एकटी मुलगी गेली, तर गाडी कुणाची, घर कुठलं, सगळं गावाला माहीत असतं. ताई पहाटे तीनला बिनधास्त बसली ती यामुळेच. ही किंमत आपण मोजत नाही, पण ती आहे.

आणि वाईट काय? प्रवाशाला निवड नाही. तुम्ही पाच ड्रायव्हरांना विचारा, पाचही जण तोच आकडा सांगणार. चांगली गाडी ठेवणारा आणि सीटचा स्पंज बाहेर आलेली गाडी ठेवणारा, दोघांचा दर एकच. मग गाडी नीट ठेवायची कशाला?

कायद्याच्या भाषेत याला नाव आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ सांगतं की एकाच धंद्यातल्या स्पर्धकांनी आपसात मिळून भाव ठरवला, तर त्याने स्पर्धेला बाधा येते असंच धरून चालायचं. मोठ्या सिमेंट कंपन्यांनी हेच केलं की आपण त्याला कार्टेल म्हणतो. आमच्या स्टँडवर दहा-बारा गाड्यांचे मालक करतात, त्याला आपण युनियन म्हणतो. मामांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "सिमेंट कंपनीला हप्ता चुकला म्हणून फायनान्सवाला फोन करून शिव्या देतो का?"

मुद्दा त्यांचाही खरा आहे. पण ताईसमोर पर्याय नव्हता, हेही तितकंच खरं.

नवा आला तर जुन्याला अडवता येतं का?

आता थोडा इतिहास, कंटाळू नका, याच्यावरच सगळं उभं आहे.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा त्याने परमिट देण्याचं धोरण जुन्या कायद्यापेक्षा बरंच सैल केलं. जे आधीपासून धंद्यात होते त्यांना हे आवडलं नाही. नवे लोक आले तर आमचं काय, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ मध्ये मिथिलेश गर्ग खटल्यात न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. निकालाचा सारांश असा: जुन्या परमिटवाल्याला नव्याला विरोध करण्याचा हक्क नाही, आणि जास्त गाड्या रस्त्यावर आल्या तर प्रवाशांचा फायदाच आहे.

म्हणजे कुणी तुम्हाला म्हणालं, "हा आमचा स्टँड आहे, बाहेरच्याने इथून भाडं उचलायचं नाही," तर ती रीत असेल, दादागिरी असेल, पण तो कायद्याने दिलेला हक्क नाही. परमिट असलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीवाल्याने अडवायचं नसतं.

एक महत्त्वाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एसटी जशी वाटेत थांबत, माणसं चढवत-उतरवत जाते, त्याला कायदा 'स्टेज कॅरेज' म्हणतो. टॅक्सी ही 'काँट्रॅक्ट कॅरेज'. ती ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी जाते, मध्ये सारोळ्याला एक, कापूरहोळला दोन असं उचलत जायचं नाही. आपल्याकडचं वडाप नेमकं तेच करतं, म्हणून ते कायम आरटीओची गाडी दिसली की गल्लीत शिरतं.

पण याच व्याख्येत एक छोटी खिडकी आहे आणि फार कमी लोकांना ती माहीत असते. टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने आपापलं वेगळं भाडं दिलं, तरी ती काँट्रॅक्ट कॅरेजच राहते. मोटारकॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून सहा जणांपर्यंतची गाडी आणि मॅक्सीकॅब म्हणजे सहाच्या वर, बारापर्यंतची, दोन्हींना हे लागू आहे. दादर-पुणे शेअर टॅक्सी माहितीय ना? सीटप्रमाणे भाडं, आणि ते भाडं सरकारी प्राधिकरणच ठरवून देतं. म्हणजे चार अनोळखी माणसांनी शिरवळहून एकाच गाडीने लोहगावला जायचं आणि पैसे वाटून द्यायचे, ही काही जगावेगळी कल्पना नाही. अर्थात प्रत्येक परमिटच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन आपल्या परमिटवर काय लिहिलंय ते विचारायचं. ही खिडकी नंतर लागणार आहे.

ॲप आलं की झालं?

माझ्या स्टेटसवर सगळ्यात जास्त कमेंट कोणती होती? "ॲप आलं की हे सगळे सरळ होतील." मग पुण्यात काय झालं ते बघू, तिथे तर ॲप कधीच आलंय.

सुरुवातीला काय मजा होती आठवतंय? एसी गाडी, रिक्षापेक्षा स्वस्त. कूपनवर कूपन. ड्रायव्हरला इन्सेन्टिव्ह. लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. मग गाड्या वाढल्या, इन्सेन्टिव्ह आटले, कंपनीचा कट वाढला. प्रवाशाला पावसात दुप्पट भाडं दिसायला लागलं आणि तेवढ्यावर ड्रायव्हर म्हणायला लागला, कॅश देणार का, कुठे जायचंय, मग राइड रद्द.

मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लायसन्स न घेता ॲप कंपन्यांना राज्यात धंदा करता येणार नाही. पुण्यात वर सांगितलेला २५ रुपयांचा दर लागू झाला, तो मिळत नाही म्हणून २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हरांनी बंद पुकारला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने ओला आणि उबरचे चारचाकीच्या लायसन्सचे अर्ज नाकारले. तरी रस्त्यावर गाड्या होत्याच, स्क्रीनवर चक्र फिरत होतंच.

मग मे २०२५ मध्ये राज्य सरकारने ॲप-टॅक्सींचं धोरण काढलं. त्यातले चार आकडे पाठ करून ठेवा. मागणी वाढली तरी भाडं मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त नाही. मागणी कमी असली तरी सवलत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाड्यातले किमान ८० टक्के ड्रायव्हरला. आणि स्वीकारलेली राइड ड्रायव्हरने रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यात जे कमी असेल तेवढा दंड, तो प्रवाशाच्या खात्यात.

आपल्या तीन तुकड्यांवर हे लावून बघा. दीडपटीची मर्यादा कुणावर घाव घालते? तिसऱ्या तुकड्यावर, नाइलाजाच्या पाचशेवर. छान. सवलतीची मर्यादा कुणाला वाचवते? पहिल्या तुकड्याला, म्हणजे ड्रायव्हरच्या मजुरीला. तेही बरोबर, कारण आज फुकटात पळवून उद्या दुसऱ्याचा धंदा मोडायचा आणि परवा भाडं वाढवायचं, ही स्पर्धा नव्हे. पण मधला तुकडा? परतीच्या रिकाम्या सीटा? त्याला यातलं काहीच हात लावत नाही.

आणि माझ्या ओट्यावरच्या रात्रीचं काय? समजा त्या रात्री १०० रुपये माझ्या खात्यात आले असते. ताई विमानतळावर पोचली असती का? पुण्यातल्या ड्रायव्हरला शिरवळला रिकामं यायला परवडत नाही, म्हणून त्याने रद्द केलं. दंड भरून रद्द करणं त्याला स्वस्त पडतं. ॲप बदललं म्हणून अंतर बदलत नाही.

गोव्यात काय घडलं

तुमच्यापैकी निम्मे तरी गोव्याला जाऊन टॅक्सीच्या भाड्यावर रील करून आलेत. तिथली लढाई आपल्यासाठी शिकण्यासारखी आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने गोवामाइल्स हे ॲप सुरू झालं. स्थानिक टॅक्सीवाल्यांनी पहिल्या दिवसापासून विरोध केला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचं विमानतळ सुरू झालं, तेव्हा भांडण आणखी वाढलं. पेडण्याच्या लोकांचं म्हणणं असं: जमीन आमच्या तालुक्याची गेली, मग विमानतळाच्या दारातला धंदा ॲपवाल्याला का? मे २०२५ मध्ये गोवा सरकारने ॲप कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा काढला. जुलै संपता संपता, मोठ्या विरोधानंतर, तो मागे घेतला.

पर्यटक म्हणतो लुबाडतात. टॅक्सीवाला म्हणतो सीझन चार-पाच महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण यातून एक गोष्ट दिसते: खरी लढाई दराची नसते, दाराची असते. विमानतळाच्या दाराशी, जिथे प्रवासी बॅग घेऊन बाहेर पडतो, तिथे कुणाला उभं राहू द्यायचं, हे जो ठरवतो तोच भाव ठरवतो. दार एकालाच दिलं तर तो स्थानिक असो की ॲपवाला, उद्या तोही तेच करणार.

आणि जुन्यांचा विचार न करता दार एकदम सताड उघडलं तर? न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. तिथे पिवळी टॅक्सी चालवायला मेडॅलियन नावाचा परवाना लागतो आणि त्यांची संख्या मर्यादित होती. २०१३-१४ च्या सुमारास एकेका मेडॅलियनची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. मग ॲपच्या गाड्या आल्या आणि ती किंमत कोसळली. ज्यांनी कर्ज काढून मेडॅलियन घेतलं होतं, त्यात बरेच परदेशातून आलेले साधे ड्रायव्हर होते, ते कर्जात बुडाले. २०२१ मध्ये उपोषणाला बसल्यावर त्यांना शहराकडून कर्जमाफीची काही सोय मिळाली. प्रवाशांना गाड्या भरपूर मिळाल्या, पण त्याचं बिल कुणी भरलं तेही बघायला पाहिजे.

मामांच्या परमिटला लाखोंची किंमत नाही. पण गाडीचा हप्ता अजून तीन वर्षं आहे.

गाड्या वाढवल्या तर भाडं वाढेल?

आता सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. समजा उद्या शिरवळमध्ये आणखी वीस गाड्या आल्या. पण पहाटे लोहगावला जाणारी माणसं तेवढीच. मग काय होईल? प्रत्येक गाडीला महिन्याला अकराऐवजी चार भाडी. हप्ता, विमा, पासिंग तेवढंच. ते चार भाड्यांतून काढायचं. काही जण तोट्यात पळतील, काही जण गाडी विकतील, उरलेले पुन्हा एकत्र येऊन दर ठरवतील. आणि रिकाम्या परतणाऱ्या गाड्या मात्र वाढलेल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यासारख्या गावात गाडीविरुद्ध गाडी एवढीच स्पर्धा पुरत नाही. सीट भरण्याची स्पर्धा पाहिजे. जो ड्रायव्हर जाताना चार सीटा आणि येताना दोन सीटा भरेल, तोच स्वस्तात नेऊ शकेल, आणि तरी त्याच्या हातात जास्त उरतील. मधला तुकडा फक्त असाच कापता येतो.

प्रवासी नाहीत का? आहेत. एमआयडीसीतल्या कंपन्यांचे इंजिनिअर, ऑडिटला येणारे पाहुणे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, लोणंद, भोर, वाईचे लोक. फक्त कोण कधी जातंय हे कुणाला माहीत नसतं. त्याच पहाटे शिरवळमधून दुसरं कुणी लोहगावला रिकाम्या सीटा घेऊन गेलं असेल तर? मला कळायचा मार्गच नव्हता.

एसटीला विसरू नका

स्पर्धक म्हटलं की आपण दुसरी टॅक्सी शोधतो. पण शिरवळमधला सगळ्यात मोठा स्पर्धक लाल रंगाचा आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा कात्रजला जायला वडापवाले काय मागत होते ते आठवा. एसटी बंद पडली आणि 'नाही' म्हणायची आपली ताकदच गेली.

दिवसाची फ्लाइट असेल तर आज एक रस्ता आहे. एसटीने स्वारगेट. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रो सुरू झाली, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, रामवाडीपर्यंत जायचं आणि तिथून रिक्षाने विमानतळ. बॅग एकच असेल तर हे काहीशे रुपयांत होतं. हे माहीत असलेल्या माणसाला दुपारी कुणी साडेतीन हजार सांगणार नाही. पण पहाटे सहाच्या आत मेट्रो नाही, म्हणून पहाटेच्या माणसाचाच गळा सापडतो. मला विचाराल तर स्वस्त टॅक्सीसाठी पहिली मागणी अशी करावी: पहाटे अडीच-तीनला साताऱ्याहून निघून शिरवळमार्गे थेट लोहगावला जाणारी एक एसटी. ती रिकामी धावली तरी तिच्या वेळापत्रकानेच टॅक्सीचा भाव खाली येईल.

मग आम्ही काय केलं

मामांनी वही दाखवली त्याच आठवड्यात आम्ही एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव साधं: शिरवळ-लोहगाव सीट. मामा आणि आणखी दोन ड्रायव्हर. आधी परमिट घेऊन आरटीओत जाऊन विचारून आलो. नियम तीनच. जाणाऱ्याने आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत तारीख आणि वेळ टाकायची. एका सीटला ९०० रुपये, टोलसकट, दिवसा-रात्री एकच दर. सगळे शिरवळमधूनच बसणार, मध्ये कुणाला उचलायचं नाही.

तीन सीटा भरल्या की २,७०० होतात, म्हणजे परतीचा खर्च बहुतेक निघतोच. येताना कुणी मिळालं तर ती ड्रायव्हरची खरी कमाई. प्रवाशाचे साडेतीन हजारांवरून नऊशे झाले आणि ड्रायव्हर तोट्यात गेला नाही.

गोड शेवट वाटतोय ना? थांबा. पहिल्याच आठवड्यात स्टँडवर मामांचा नंबर बंद झाला. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा प्यायला, ते बोलेनात. ज्या ड्रायव्हरने ताईला नेलं होतं, तोच सगळ्यात पुढे. मामा दोन दिवस जेवले नीट नाहीत. मामी मला म्हणाल्या, "तुझं पॉडकास्ट होतं रे, आमची भाकरी जाते." त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शेवटी मामा स्वतः वही घेऊन स्टँडवर गेले. गोल आणि फुल्या दाखवल्या. म्हणाले, ग्रुप सगळ्यांना उघडा आहे, ज्याचं परमिट पिवळ्या पाटीचं आणि विमा चालू, त्याने यावं. आज ग्रुपमध्ये सात गाड्या आहेत. चार अजून आल्या नाहीत, ते पूर्ण गाडीचंच भाडं मारतात आणि त्यांचं गिऱ्हाईकही आहे, कारण कुटुंबाला अख्खी गाडीच लागते. पण त्यांनीही पहाटेचा दर आता तीन हजारांवर आणलाय. कुणी सांगितलं नाही. प्रवासी 'ग्रुपवर बघतो' म्हणायला लागला, एवढंच.

आणि कधी कधी ग्रुपवर एकच सीट येते, गाडी निघत नाही, प्रवाशाला आदल्या रात्री तसं सांगावं लागतं. तेव्हा मला तो 'राइड रद्द' मेसेज आठवतो. फरक इतकाच, की आम्ही रात्री आठला सांगतो, दोन चाळीसला नाही.

तुमच्या गावात करायचं असेल तर

फोनवर आहात, तर एवढं करून ठेवा. गाडी ठरवताना तीन प्रश्न विचारा: टोल धरून का, रात्रीचा वेगळा दर आहे का, आणि गाडी येताना रिकामी येणार का. तिसरा प्रश्न विचारला की ड्रायव्हर तुमच्याशी वेगळं बोलायला लागतो, अनुभव सांगतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन बसू नका, त्या गाडीला प्रवासी नेण्याचं परमिट नसतं आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो. खासगी बसचं भाडं अवाच्या सवा वाटलं तर लक्षात ठेवा, २०१८ च्या सरकारी निर्णयानुसार ते एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आरटीओकडे तक्रार करता येते.

आणि ग्रुप काढणार असाल तर त्यात ड्रायव्हरला पहिल्या दिवशी घ्या. त्याच्याविरुद्ध ग्रुप काढलात तर तुम्हाला एक स्वस्त ट्रिप मिळेल. त्याला बरोबर घेऊन काढलात तर दुसऱ्या वर्षीही गाडी असेल.

ताईबद्दल विचाराल. ती नोकरी मिळाली नाही. परवा तिची पुन्हा एक मुलाखत होती, हैदराबादला. ग्रुपवर तिने सीट टाकली, तिघं झाले, गाडी निघाली. तिला नेलं कुणी माहितीय? त्याच साडेतीन हजारवाल्याने. तो ग्रुपमध्ये गेल्या महिन्यात आला. पैसे घेताना म्हणाला, "ताई, त्या दिवशी जरा जास्तच झाले."

ताई म्हणाली, "पाचशेच जास्त झाले, दादा. बाकीचा हिशोब मला माहितीय."

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या गावातून विमानतळाला किंवा मोठ्या स्टेशनला जायचा दर काय आहे आणि गाडी परत येताना भरलेली असते की रिकामी, ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव सांगायची गरज नाही, गाव सांगा.